बारा पावलं ऊन

साहेब, तुम्ही माझ्या बहिणीला हवेत अडकवून ठेवलंय.

खोटं वाटत असेल तर खुर्चीतून उठा, तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या काळ्या काचेच्या खिडकीशी या आणि खाली बघा. नऊ नंबरच्या जागेत एक जुनी निळी मिनीबस उभी आहे. तिच्या मागच्या दाराबाहेर एक लोखंडी पाट आलाय, जमिनीपासून दोन फूट वर. पाटावर चाकांची खुर्ची, खुर्चीत अक्का. ती वर जाऊ शकत नाही आणि खाली येऊ शकत नाही. सकाळी दहा चाळीसपासून. आता पावणेतीन झालेत.

तुमच्या कागदावर मात्र ती आज "गैरहजर" आहे. लाल शाईत.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे "हा कोण टिकोजीराव" असं विचारायचे तुमचे कष्ट वाचतील. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरणं हा माझा धंदा. शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही वाचतो-लिहितो ते अक्काने शिकवलं. ती गणिताच्या शिकवण्या घेते. मला गणित आलं नाही, पण भांडायला आलं, असं ती म्हणते.

अक्काचं कमरेखालचं अंग अकरा वर्षांपूर्वी गेलं. कसं गेलं ते तुमच्या फायलीत जोडलेलं आहे, इथे नको. आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो. इमारतीची लिफ्ट बंद पडली, ती तीन वर्षं बंदच. अक्काला डॉक्टरकडे न्यायचं तर चार माणसं बोलवावी लागत. ती खुर्ची चार बाजूंनी धरायची आणि जिना उतरायची. "कोपरा सांभाळ." "तुझ्याकडून उचल." "अरे तिरकी कर, तिरकी." कपाट उतरवताना बोलतात ना, अगदी तसंच. एकदा दुसऱ्या मजल्यावर त्यातल्या एकाचा फोन वाजला. अक्काला वळणावर टेकवून तो बोलत राहिला. फोनवर म्हणाला, "मागाहून लाव रे, सामान उतरवतोय."

परत चार मजले उचलून आणल्यावर, दार लागल्यावर अक्का मला म्हणाली, "ठिणग्या, आजपासून मला कोणी उचलायचं नाही. तूसुद्धा नाही. उतरेन तर माझी मी उतरेन. नाहीतर इथेच म्हातारी होईन."

ठिणग्या म्हणजे मी. लहानपणी प्लगमध्ये चमचा घातला होता, तेव्हापासूनचं नाव.

मी म्हटलं, "शब्द देतो."

त्यानंतर चौदा महिने ती खाली उतरली नाही. चौदा महिन्यांत बाकीचे लोक काय काय करून येतात. अक्का पलंगावरून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत. डॉक्टर फोनवर, शिकवण्या फोनवर. एक दिवस खाली रस्त्यावरून एक मोठी गाडी गेली, लोक राहतात तसली, वर सोलरचे पॅनल लावलेली. अक्का म्हणाली, "हिला जिना नाही रे."

तेवढंच. पण मला झोप लागली नाही.

एका शाळेची मोडीत निघालेली मिनीबस आणली. आतली बाकं उपटली. पलंग, ओटा, संडास बसवला. मोडीतल्याच एका रुग्णवाहिकेचा मागचा पाट मिळाला. बटण दाबलं की बाहेर उलगडतो, खाली उतरतो, परत वर येतो. आम्ही त्याला पाळणा म्हणतो. त्याची मोटार जळलेली होती. ती मी माझ्या हाताने भरली. आयुष्यात एवढी सुबक मोटार मी दुसरी भरलेली नाही.

आणि वीज. ही खरी गोष्ट आहे साहेब, म्हणून नीट वाचा. कुठल्याही खांबावरून तार न ओढता राहायचं ठरलं. म्हणजे घरमालकाची, लिफ्टवाल्याची, कोणाचीच मेहरबानी नको. हिशेब सगळा अक्काने केला. हवेची गादी किती वीज खाते, पंखा किती, छोटा फ्रीज किती, पाण्याचा पंप किती, पाळणा एका फेरीला किती. हवेच्या गादीला रात्रभर वीज लागते, कारण ती आळीपाळीने फुगते आणि उतरते, म्हणून अक्काच्या पाठीला जखमा होत नाहीत. तिने यादी करून फ्रीजवर चिकटवली. मिक्सर बाद केला.

"चटणी नाही खायची का मग?" मी विचारलं.

"तुझे हात मोडलेत का? वाट. दोन हात म्हणजे दीडशे वॅट फुकट."

चार पॅनल एकामागे एक जोडले. खाली मोठ्या बॅटऱ्या. बॅटरी फार उतरली तर कायमची मरते, म्हणून ठरावीक आकड्याखाली गेली की सगळं आपोआप बंद पाडणारा एक कट-ऑफ बसवला. बॅटऱ्या, कट-ऑफ, फ्यूज, वीज गेली तर पाळणा हाताने चालवायचा दांडा, सगळं एकाच लोखंडी पेटीत. अक्काने विचारलं, "दांडा वेगळा ठेवायचा का?" मी म्हटलं, "सगळं एका जागी असलं की शोधाशोध नको." त्या पेटीकडे बघून मला फार बरं वाटायचं. एकही तार लोंबत नव्हती.

तीन वर्षांनी लिफ्ट एकदाची दोन दिवस चालली, तेवढ्यात अक्का खाली आली. पहिल्या दिवशी ती पाळण्यावरून सतरा वेळा खाली-वर झाली. अंगठा बटणावर, तोंडाने मोजत. अठराव्या वेळी मीच म्हटलं, "बॅटरी बसेल."

"बसू दे. चौदा महिने मी बसले होते."

दुसऱ्याच दिवशी आम्ही घरमालकाला किल्ली परत दिली.

आता तुमच्याकडे येऊ.

गाडीत बदल केला की तपासून घ्यायची, हा नियम आम्हाला माहीत होता. आम्ही स्वतः आलो, कोणी पकडून आणलं नाही. तुमचा टेपवाला आला, मोजपट्टी लावणारा. त्या वेळी चारपैकी दोन पॅनल मी सुटे ठेवले होते, लांब तार लावून. ही अक्काची युक्ती होती. गाडी सावलीत असली तरी पॅनल उन्हात नेऊन ठेवता यावेत. टेपवाल्याने मान हलवली. "सुटे पॅनल चालणार नाहीत. सातव्या रकान्यात कायमचे बसवलेले असं लिहिलंय. सुटं ते सामान."

मी माझ्या दुकानात जाऊन चारही पॅनल चौकटीवर घेतले, रिबिटी मारल्या, वरून असा गम भरला की आता छत फाटेल पण पॅनल निघणार नाही. परत आलो. टेपवाल्याने उंची मोजली. कागदावरच्या उंचीपेक्षा अकरा सेंटिमीटर जास्त.

"पॅनल धरून का मोजता?" मी विचारलं.

"कायमचे बसवलेत ना? मग ते गाडीचा भाग. सुटे असते तर धरले नसते."

साहेब, हे वाक्य मी परत लिहितो, कारण तुमच्या कार्यालयात ते ऐकून कोणी हसलंही नाही आणि कोणी रडलंही नाही. सुटे असते तर धरले नसते.

टेपवाल्याने गाडी फेरतपासणीपर्यंत अडकवली. आवारात लावायला सांगितली, रांगेत जो पुढचा नंबर रिकामा तो. नऊ नंबर. पुढच्या चाकाला कुलूप घातलं. पेटीवर कागदी सील चिकटवलं, गोल शिक्का मारला आणि एक ओळ लिहिली, "जैसे थे". मग यादी करायला बसला. गाडीतील वस्तू: पलंग एक, फ्रीज एक, चाकांची खुर्ची एक.

खुर्चीत अक्का बसलेली होती.

"खुर्ची लिहिलीत, बरं केलंत," ती म्हणाली. "खुर्चीत काय आहे तेही लिहा."

"त्याला रकाना नाही, बाई."

तो त्याच दिवशी दुपारी प्रशिक्षणाला गेला. तीन आठवडे. फेरतपासणी त्यानेच करायची, सीलही त्यानेच काढायचं. आम्हाला हे तो गेल्यावर कळलं.

नऊ नंबर ही तुमच्या इमारतीच्या पायाशी आहे. सहा मजले सूर्याच्या आड उभे. गाडीच्या छतावर ऊन येतं अकरा चाळीसला, तेही तुमची इमारत आणि पाण्याची टाकी यांच्या फटीतून, आणि बारा दहाला जातं. तेसुद्धा चारपैकी दोन पॅनलवर. उरलेला दिवस जो उजेड मिळतो त्यात घड्याळ चालेल फार तर. आणि समोर, रांग ओलांडली की बावीस नंबर. रिकामी. सकाळी नऊपासून चार वाजेपर्यंत तिथे रणरणतं ऊन. मी मोजलंय. बारा पावलं.

सील लावलेल्या पेटीत दुसरं काही जाऊ शकत नाही साहेब. फक्त ऊन जाऊ शकतं. तेच तुम्ही अडवलंत.

पहिल्या दिवशी मी तोंडी सांगितलं. तुमच्या हाताखालच्या मधल्या साहेबांनी अर्ज मागितला. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "सावली हा आमचा विषय नाही."

"तुमच्या इमारतीची सावली आहे."

"मग बांधकाम खात्याला लिहा."

अक्काने अर्ज आणखी पक्का करायचं ठरवलं. तिने मला खडू दिला. दर तासाला सावलीची कड जिथे असेल तिथे आवारात रेघ मारायची आणि वेळ लिहायची. दोन दिवस मी रेघा मारल्या. तिने खिडकीतून बघून कागदावर आलेख काढला. नऊ नंबर, बावीस नंबर, सगळं शेजारी शेजारी. शाळेतल्या पोरालाही समजेल असा. तो आलेख अर्जाला जोडला. उत्तर आलं, लेखी. शासकीय आवारात खडूने लिहिल्याबद्दल खुलासा करावा.

अक्का हसली. खूप दिवसांनी एवढी हसली. "बघ, आलेख समजला नाही, पण खडू बरोबर ओळखला!"

तुमचा पहारेकरी हे सगळं बघत होता. वयाने मोठा माणूस, आम्ही त्याला काका म्हणतो. तो रोज सकाळी येऊन विचारायचा, "ताई, आकडा काय म्हणतो?" गाडीत दाराशी बॅटरीचा आकडा दाखवणारी छोटी पाटी आहे, थेट बॅटरीला जोडलेली, कट-ऑफ पडला तरी चालू राहणारी. अक्का सांगायची. सव्वीस. पंचवीस पूर्णांक चार. काकांनी एकदा हळूच म्हटलं, "माझ्या खोलीतून वायर टाकू का गादीपुरती?" मधल्या साहेबांना कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी काकांच्या खोलीतल्या प्लगवर कागद लागला, खासगी वापरास मनाई.

आम्ही फ्रीज बंद केला. पंखा बंद केला. दिवे बंद केले. पाळणा बंद, म्हणजे अक्का खाली उतरणं बंद. जी काही वीज आहे ती गादीला. गेले सहा दिवस अक्का परत पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून पलंगापर्यंत. फक्त ही खिडकी तुमच्या भिंतीकडे उघडते.

काल तुमचं पत्र आलं. अर्जाची सुनावणी, गुरुवार, सकाळी अकरा, तिसरा मजला, अर्जदाराने स्वतः हजर राहावे. गाडी अक्काच्या नावावर आहे, त्यामुळे अर्जदार ती. तुमच्या इमारतीची लिफ्ट चालू आहे, हे मी आधी जाऊन बघून आलो.

आज सकाळी आकडा तेवीस पूर्णांक आठ. कट-ऑफ तेवीसला पडतो.

मी म्हटलं, "अक्का, नको. मी जातो, सांगतो तुझी अडचण."

"स्वतः, असं लिहिलंय."

"मध्येच बंद पडला तर?"

"उतरायला वीज लागतेच किती? वजनानेच उतरतो तो. फक्त तेलाची झडप उघडी राहायला हवी, तिला इवलीशी वीज पुरते. मी गणित केलंय." ती केस विंचरत होती. इस्त्रीची साडी काढायला लावली होती तिने मला. "आणि ठिणग्या, एकदा मी त्यांच्यासमोर गेले की त्यांना रकाना काढावाच लागेल."

तिचं गणित बरोबर होतं. चूक माझी. पाळणा उतरण्याआधी बाहेर उलगडावा लागतो आणि उलगडायला मोटार लागते. गेले सहा दिवस न चाललेली, थंड पडलेली मोटार. मी भरलेली. ती सुरू होताना एकदम वीज ओढते, हे मला माहीत असायला हवं होतं. दुसऱ्याच्या मोटारीबद्दल मी हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो.

पाळणा उलगडला. अक्का खुर्ची ढकलत त्यावर आली. बटण दाबलं. एक फूट उतरली. मग गाडीच्या आतून, सील लावलेल्या पेटीतून, "टक्" असा आवाज आला. माझ्या कट-ऑफचा. तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल. झडप मिटली. पाळणा थांबला.

दहा चाळीस.

पाळण्याच्या पुढच्या कडेला एक पट्टी उभी असते, खुर्ची घसरू नये म्हणून. पाळणा जमिनीला टेकल्याशिवाय ती पडत नाही. म्हणून फळी लावून उतरवायचा मार्ग नाही. दाराचा उंबरठा आता तिच्या मागे एक फूट वर आहे, म्हणून मागे आत जायचा मार्ग नाही. हाताने चालवायचा दांडा आहे. तो पेटीत आहे. पेटीवर शिक्का आहे.

मी तीन मजले धावत आलो. लिफ्टचीही वाट बघितली नाही. मधले साहेब दाराशीच होते.

"अर्जदार कुठे आहेत?"

"खाली. पाळण्यावर. अडकलीय. सील काढा, दोन मिनिटांचं काम आहे, मी दांडा घेतो आणि—"

"सील ज्याने लावलं त्यानेच काढायचं."

"तो प्रशिक्षणाला आहे."

"मग आल्यावर काढेल."

"साहेब, ती हवेत आहे हो!"

ते खिडकीशी आले. खाली बघितलं. तुम्हीही तेव्हा आतल्या टेबलाशी बसला होतात, मी तुमचं डोकं पाहिलं. मान वर आली नाही. मी खिडकीतून ओरडलो, "अक्का, हजेरी दे!" तिने खालून हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा. "हजर!" सगळ्या आवाराला ऐकू गेलं. काकांनी टाळी वाजवली.

मधले साहेब म्हणाले, "हजर म्हणजे दालनात हजर." आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी लाल शाईत लिहिलं.

मग ते खाली आले, तीन शिपाई घेऊन. मनाने वाईट माणूस नाही तो. चार लोकांनी उचललं की प्रश्न मिटला, असं त्याला खरंच वाटत होतं.

"बाई, हे लोक तुम्हाला अलगद खाली घेतील."

"कोणी हात लावायचा नाही," अक्का म्हणाली.

"अहो, हट्ट सोडा. पडाल."

"पडले तर माझी मी पडेन." मग तिने त्याच्याकडे वरून बघितलं. पाळणा दोन फूट वर, त्यामुळे त्याला मान उंच करावी लागत होती. "साहेब, मान दुखतेय का? अकरा वर्षं माझी दुखते. आज पहिल्यांदाच कोणी माझ्याशी वर बघून बोलतंय. जरा बोलू द्या की."

शिपाई हसले. एक जण पुढे झाला होता तो मागे सरकला. काका मध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई नको म्हणाल्यात." नोकरीची अठरा वर्षं झाल्यावर माणूस असं बोलतो तेव्हा त्याला ते किती महागात पडतं, हे तुम्हाला ठाऊक असेल.

"मग काय करायचं?" मधल्या साहेबांनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं, जणू मीच ते कार्यालय चालवतो.

"सील काढा. नाहीतर चाकाचं कुलूप काढा, आम्ही दहा जण मिळून गाडी हळूच बावीस नंबरला ढकलतो. ऊन लागलं की तासा-दीड तासात पाळणा स्वतःच सुरू होईल."

"जैसे थे आदेश आहे. गाडी हलवता येणार नाही."

"बारा पावलं!"

"बारा काय आणि एक काय. वरून सही लागेल." आणि त्यांनी वर बोट केलं. तुमच्या खिडकीकडे.

म्हणून हे तुम्हाला लिहितोय. तुमच्याच खुलाशाच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला.

अकरा चाळीसला ऊन आलं. आम्ही तिघं छताकडे बघत होतो. अक्काने मान मागे टाकून दारातली पाटी वाचली. तेवीस एक. तेवीस तीन. तेवीस चार. कट-ऑफ परत जोडला जायला पंचवीस लागतात. तोही आकडा मीच बसवलाय, बॅटरीच्या भल्यासाठी. बारा दहाला ऊन टाकीमागे गेलं. काकांनी छत्री आणली, मग स्वतःच बघितलं आणि मिटली. सावली भरपूर आहे. तुमचीच.

एकच्या सुमारास काका माझ्या कानाशी आला. "मी फाटकाकडे तोंड करून उभा राहतो. तू फाड तो कागद."

अक्काने ऐकलं. तिचे कान फार तिखट. "काका, वर कॅमेरा आहे. तुमची नोकरी जाईल. आणि सील फाडलं की गाडी जप्त, त्या कागदावरच बारीक अक्षरात लिहिलंय. मग आम्ही राहायचं कुठे? चौथ्या मजल्याची किल्ली आम्ही परत दिलीय." मग मला म्हणाली, "तू तिकडे बघतोयस ठिणग्या, ते मला दिसतंय. बघू नकोस."

आता जे लिहितो ते तिने लिहायला सांगितलेलं नाही.

अक्काला कमरेखाली काही जाणवत नाही. बसून बसून कातडी दबते, मरते, तिला कळतसुद्धा नाही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलते, मिनिटभर तशीच अधांतरी राहते आणि परत बसते. अकरा वर्षं हेच. ती एकटीच स्वतःला उचलू शकते आणि तिला तेवढंच चालतं. सकाळपासून ती उचलतेय. मी मोजत होतो. बारापर्यंत दर पंधरा मिनिटांनी. एकनंतर दर वीस. मघाशी अर्धा तास झाला तेव्हा मीच म्हटलं, "अक्का, उचल." तिने उचललं. कोपरं थरथरत होती. वीस सेकंदांत खाली बसली.

"आकडा काय म्हणतो?" मी विचारलं. तिला हसवायला.

"उतरतोय," ती म्हणाली.

गेल्या वेळी जखम झाली होती तेव्हा पाच महिने पालथी झोपून होती. तेही गादी चालू असताना. आज रात्री गादी चालणार नाही.

म्हणजे आता माझ्यासमोर काय आहे ते बघा. सील फाडलं तर घर गेलं. वाट बघितली तर तिचं अंग जाईल. उचललं तर मी दिलेला शब्द गेला, आणि मी तिला ओळखतो, त्यानंतर ती माझ्याशी बोलेल, जेवेल, शिकवण्या घेईल, पण पाळण्याच्या बटणावर परत अंगठा ठेवणार नाही. गणित मला येत नाही साहेब. पण हे तिन्ही रस्ते कुठे जातात ते मला येतंय.

आणि चौथा रस्ता समोर पडलाय. बावीस नंबर. आत्ता, तीन वाजता, तिथे एवढं ऊन आहे की डोळे मिटावे लागतात. मधोमध एक कुत्रं ताणून झोपलंय. त्याला सही लागली नाही.

हा कागद काका वर घेऊन येतोय. तो तुमच्या हातात देईल आणि उत्तर घेतल्याशिवाय परत जाणार नाही, मी त्याला तसं सांगितलंय आणि तो हो म्हणालाय. चारला बावीस नंबरचंही ऊन जाईल. पाचला तुमची गाडी इथून निघेल, आमच्या समोरून, कारण दुसरा रस्ता नाही. तेव्हा काच खाली करून "पाहतो", "बघू", "कळवतो" असलं काही बोलू नका. मला ते शब्द पाठ आहेत.

मला दोनच गोष्टींपैकी एक हवीय. पेटीचं सील किंवा चाकाचं कुलूप. दोन्हीला तुमची एक सही लागते. ती करत नसाल तर स्वतः खाली या, तिच्यासमोर मान वर करून उभे राहा आणि तिला तुमच्या तोंडाने सांगा, की बाई, आता तुझ्या भावाला तुला उचलावं लागेल, कारण मला बारा पावलं द्यायची नव्हती.

ती परत हातांवर उठायचा प्रयत्न करतेय. मी लिहायचं थांबवतो.

सही करताय, की खाली येताय? बोला.